अर्जातला सैनिक

वाङ्मयप्रकारांची यादी करताना पत्र, रोजनिशी, बखर, प्रवासवर्णन यांना आपण उशिरा का होईना, जागा दिली. अर्ज मात्र अजून त्या यादीबाहेरच राहिला आहे. वास्तविक मराठी गद्याच्या इतिहासात अर्जाचे स्थान जुने आहे. जुन्या दफ्तरांतल्या अर्जदास्ती ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना हे निराळे सांगायला नको. ‘अर्ज’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला आणि ‘कंत्राट’ हा पोर्तुगीजांकडून. दोन्ही शब्द सत्तेच्या पाठोपाठ आले, आणि दोहोंच्या मुळाशी एकच नाते आहे: एकाकडे द्यायला पैसा आहे, दुसऱ्याकडे सांगायला गोष्ट आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय अशा अर्जांची एक विशिष्ट जात हा आहे. माणसाची दृष्टी, बळ, जागरणशक्ती वा सहनशक्ती वाढवणारे तंत्र आम्ही घडवू शकतो, तेव्हा संशोधनासाठी पैसा द्यावा, असे लष्कराला विनवणारे हे अर्ज. त्यांतल्या यंत्रांचा अभ्यास विज्ञानाच्या इतिहासकारांनी केला आहे, रकमांचा हिशेब अर्थशास्त्रज्ञांनी मांडला आहे. परंतु अशा प्रत्येक अर्जात यंत्राच्या आणि रकमेच्या जोडीला एक पात्रही असते. ते पात्र म्हणजे सैनिक: आज तो कमी पडतो, उद्या कमी पडणार नाही. जेथे पात्ररचना आली तेथे साहित्याच्या अभ्यासकाचा प्रांत सुरू झाला, असे मानायला हरकत नसावी.

सैनिकाचे चित्र रंगवून बिदागी मिळवणे आपल्याला अपरिचित नाही. शाहिरी परंपरा त्यावरच उभी आहे. अज्ञानदासाने अफजलखानवधाचा पोवाडा रचला आणि त्याचे बक्षीस त्याला मिळाले, ही हकीकत प्रत्येक वाङ्मयेतिहासात सापडते. पण शाहीर घडून गेलेला पराक्रम गातो. अतिशयोक्ती केली तरी तिच्यामागे एक झालेली लढाई असते, ती पाहिलेली माणसे असतात. संशोधनाचे कंत्राट मागणारा अर्जदार न झालेल्या पराक्रमाचे वर्णन करतो. त्याचा काळ भविष्यकाळ असतो. हा व्याकरणातला फरक पुढे सारा इतिहास व्यापतो.

१.

या प्रकाराचा आद्य नमुना म्हणून लिओनार्दो दा विंचीच्या पत्राकडे बोट दाखवण्याची पद्धत आहे. साधारण १४८२च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुदोव्हिको स्फोर्झा याला उद्देशून लिहिलेल्या या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. हलके पूल, वेढ्याची साधने, तोफा, झाकलेले रथ अशी एकामागून एक कलमे त्यात येतात. शांततेच्या काळातले बांधकाम शेवटी येते. आणि आपण चित्रे व शिल्पेही करतो, हे त्याच शेवटात जाता जाता सांगितलेले आहे. ज्याला जग चित्रकार म्हणून ओळखते त्याने अर्जात स्वतःला कोणत्या क्रमाने मांडले, हे पाहण्यासारखे आहे. अर्जदार आपला क्रम ठरवत नाही. तो ज्याच्याकडे अर्ज करायचा त्याच्या गरजेने ठरतो.

लिओनार्दोच्या यादीत यंत्रे आहेत, माणसाच्या देहात भर घालणारे काही नाही. ती भर पहिल्यांदा ठळकपणे दिसते ती दुर्बिणीच्या बाबतीत. २ ऑक्टोबर १६०८ रोजी चष्मे करणारा हान्स लिपरहाय याचा अर्ज नेदरलंड्सच्या प्रतिनिधिसभेपुढे आला. दूरच्या वस्तू जवळ दाखवणाऱ्या नळीचा एकाधिकार त्याला हवा होता. स्पेनशी चाललेल्या दीर्घ युद्धाच्या पार्श्वभूमीवर सभेला तिचा उपयोग कळायला वेळ लागला नाही. सभेने काय केले? नळी एका डोळ्याची होती, ती दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल अशी करून द्यावी, असे सांगितले. लिपरहायने तशी करून दिली, पैसेही घेतले. एकाधिकार मात्र मिळाला नाही, कारण ही युक्ती इतरांनाही ठाऊक आहे असे निष्पन्न झाले. गिऱ्हाईक अर्ज स्वीकारते तेव्हा ते त्यातल्या देहातही दुरुस्ती सुचवते, हे येथे प्रथम दिसते.

पुढच्याच वर्षी, २४ ऑगस्ट १६०९ रोजी, गॅलिलिओने व्हेनिसच्या प्रमुखाला पत्र लिहून आपली दुर्बीण अर्पण केली. हे उपकरण दृष्टिशास्त्राच्या गहन चिंतनातून निघाले आहे, आणि शत्रूची गलबते नुसत्या डोळ्यांना दिसण्याच्या दोन तास वा त्याहून अधिक आधी यातून दिसतात, असा त्या पत्राचा आशय आहे. व्हेनिसने त्याचा वार्षिक पगार वाढवून १००० फ्लोरिन केला आणि पादुआची प्राध्यापकी तहहयात दिली. त्याच नळीच्या सुधारलेल्या आवृत्तीतून काही महिन्यांनी त्याने गुरूचे चंद्र पाहिले. म्हणजे अर्ज गलबतांसाठी होता, शोध आकाशाचा लागला. लष्करी पैशाच्या समर्थनासाठी हे उदाहरण नेहमी पुढे केले जाते आणि ते खोटे नाही. पण एक तपशील त्यात गाळला जातो. गॅलिलिओने तयार वस्तू नेली होती. व्हेनिसच्या वृद्ध प्रतिष्ठितांनी मनोऱ्यावर चढून तिच्यातून स्वतः पाहिले आणि मग पैसा दिला. वाढलेली दृष्टी आधी होती, मोबदला नंतर. विसाव्या शतकात हा क्रम उलटा झाला.

२.

तो उलटण्यापूर्वी देहाकडे पाहण्याची रीत बदलावी लागली. दृष्टी ही नळीने वाढवता येते. थकवा हा मात्र देहाच्या आत असतो. १९२७ साली हार्वर्ड विद्यापीठात ‘फटीग लॅबोरेटरी’ स्थापन झाली. लॉरेन्स हेंडरसन हे तिच्यामागचे नाव, डेव्हिड ब्रूस डिल हे तिचे प्रत्यक्ष चालक. तिची जागा व्यवस्थापनविद्येच्या महाविद्यालयाच्या इमारतीत होती, हे लक्षात घेतले की तिचा मूळ हेतू कळतो. प्रश्न कारखान्यातल्या कामगाराच्या थकव्याचा होता. उष्णता, थंडी, उंची यांचा देहावर होणारा परिणाम तेथे मोजला गेला; १९३५ साली डिल यांच्यासह एक तुकडी चिलीतल्या उंच पर्वतांवर जाऊन आली. महायुद्ध आले आणि याच ज्ञानाला नवे गिऱ्हाईक मिळाले. कपडे, बिछाने, शिधा, चालण्याची मर्यादा यांवरचे काम लष्करासाठी होऊ लागले. युद्ध संपले, आणि १९४७ साली प्रयोगशाळाही बंद झाली. कामगाराच्या थकव्यासाठी जन्मलेली संस्था सैनिकाच्या थकव्याचा पैसा थांबताच टिकली नाही, यातला बोध वेगळा सांगायला नको.

जर्मनीत हाच प्रश्न गोळीने सोडवण्यात आला. टेमलर कंपनीने १९३८ साली मेथॅम्फेटामिन हे द्रव्य ‘पर्व्हिटिन’ या नावाने बाजारात आणले. बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय अकादमीतील शरीरशास्त्रज्ञ ओटो रांके यांनी ते विद्यार्थ्यांवर तपासले. एप्रिल ते जुलै १९४० या काळात, म्हणजे फ्रान्सवरील स्वारीच्या सुमारास, या प्रकारच्या ३ कोटी ५० लाख गोळ्या जर्मन सैन्याला पुरवल्या गेल्या. १९४१ साली त्याच सरकारला या द्रव्यावर अफूच्या कायद्याखाली निर्बंध आणावे लागले. ब्रिटिश आणि अमेरिकन सैन्यांतही अ‍ॅम्फेटामिनचा वापर झालाच. तेव्हा हा दोष एकाच राजवटीचा नव्हे.

ही गोष्ट महायुद्धाबरोबर संपली असेही नाही. १७ एप्रिल २००२ रोजी कंदाहारजवळ अमेरिकन विमानातून टाकलेल्या बाँबने सराव करणारे चार कॅनेडियन सैनिक ठार झाले. चौकशीत वैमानिकांच्या वकिलांनी मुद्दा मांडला की, लांब उड्डाणांसाठी हवाई दलच वैमानिकांना उत्तेजक गोळ्या देते. त्या गोळीचा त्या निर्णयाशी कितपत संबंध होता, हा वाद बाजूला ठेवू. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, जागे राहणे हा वैमानिकाचा गुण आहे की पुरवठा खात्याचा, हा प्रश्न त्या दिवशी कायद्याच्या भाषेत विचारला गेला. गुण जर पुरवलेला असेल, तर चूकही पुरवलेलीच नव्हे काय?

३.

आता बळाकडे वळू. १९५९ साली रॉबर्ट हाइनलाइन यांची ‘स्टारशिप ट्रूपर्स’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातले सैनिक यांत्रिक पोशाख घालतात. तो पोशाख त्यांच्या हालचाली ओळखून त्या अनेक पटींनी वाढवतो. १९६५पासून जनरल इलेक्ट्रिक कंपनीने अमेरिकन सैन्य आणि नौदल यांच्या पैशावर ‘हार्डिमन’ नावाचा बाह्यसांगाडा बनवायला घेतला. माणसाने तो अंगावर चढवावा आणि सुमारे ६८० किलोचे ओझे सहज उचलावे, ही कल्पना. प्रत्यक्षात सांगाड्याचेच वजन तेवढे भरले. १९७१पर्यंत एका हाताने बरे काम केले. संपूर्ण सांगाडा चालवण्याचा प्रयत्न केला की तो अनावर हिसके देई, म्हणून माणूस आत ठेवून तो कधी पूर्ण चालवलाच गेला नाही. कादंबरीतला सैनिक उडी मारून गेला. अर्जातला सैनिक यंत्राबाहेर उभा राहिला.

हार्डिमन फसला, पण कल्पना फसली नाही. कंत्राटी संशोधनाचे हे वैशिष्ट्य आहे. २००१च्या सुमारास अमेरिकन संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संस्थेने मानवी क्षमता वाढवणाऱ्या बाह्यसांगाड्यांसाठी नवा कार्यक्रम काढला. बर्कली येथील विद्यापीठाने २००४ साली त्यातून बनलेले पाय जगापुढे आणले. दरम्यान २००२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने एक जाडजूड अहवाल निघाला. सूक्ष्मतंत्र, जैवतंत्र, माहितीतंत्र आणि बोधविज्ञान यांच्या संगमातून मानवी कार्यक्षमता वाढवणे हा त्याचा विषय होता, आणि राष्ट्रीय सुरक्षा हा त्याचा एक स्वतंत्र विभाग.

याच २००२ साली आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी घटना घडली. अमेरिकन सैन्याने सैनिकासाठी सूक्ष्मतंत्राची संशोधनसंस्था काढायचे ठरवून विद्यापीठांकडून प्रस्ताव मागवले. मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची निवड जाहीर झाली: पाच वर्षांसाठी ५ कोटी डॉलर. प्रस्तावात भविष्यातल्या सैनिकाचे चित्र होते. चिलखत घातलेली, शस्त्र पेललेली एक आकृती. ते चित्र वृत्तपत्रांतून झळकले आणि माँट्रियलच्या बेन व रे लाय या चित्रकार भावांना त्यात आपलीच नायिका दिसली. ‘रेडिक्स’ नावाच्या त्यांच्या कॉमिकमधल्या चित्राशी प्रस्तावातले चित्र अगदी मिळतेजुळते होते. संस्थेचे प्रमुख नेड थॉमस यांनी खुलासा केला की ते चित्र त्यांच्या मुलीने काढून दिले होते, आणि त्याचा मूळ स्रोत आपल्याला ठाऊक नव्हता. संस्थेने माफी मागितली, चित्र काढून टाकले.

स्वामित्वहक्काचा हा तंटा म्हटला तर किरकोळ होता. परंतु त्याने जे उघड केले ते किरकोळ नाही. ज्याचे कापड, ज्याचे चिलखत, ज्याचे औषध अजून कोणी बनवलेले नाही, अशा सैनिकाचे चित्र काढायचे तर ते आणायचे कोठून? प्रयोगशाळेत ते नव्हतेच. ते फक्त कल्पितसाहित्यात होते. त्या वेळच्या निवेदनांतही वीस फुटी भिंत ओलांडणाऱ्या योद्ध्यांची आणि त्यांना पाहून खचणाऱ्या शत्रूची भाषा होती. ती शास्त्रीय नियतकालिकाची भाषा नव्हे, ती चित्रकथेची भाषा आहे. अर्जाने कथेकडून सैनिक उसना घेतला. लाय बंधूंची तक्रार अशी होती की उसना घेतला हे सांगितले नाही. आपली, वाचकांची, तक्रार अधिक खोल असायला हवी: कथेत त्या सैनिकाला नाव होते, भय होते, मरण होते, अर्जात येताना ते सारे गळून केवळ क्षमता उरली.

४.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. युद्धात हातपाय गमावलेल्याला नवा हात मिळणे यात वाईट काय? काहीच नाही, आणि या इतिहासाची उजळ बाजू तीच आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी सुरू झाले. पुढे नागरिकांनाही त्याचा उपयोग झाला. २००६ साली डार्पाने कृत्रिम हातांसाठी मोठा कार्यक्रम हाती घेतला. डीन केमेन यांच्या कंपनीने बनवलेल्या हाताला २०१४ साली अमेरिकन औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. त्या हाताचे नाव ‘ल्यूक’, ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटातल्या हात तुटलेल्या नायकावरून पडलेले. पुन्हा कथाच.

परंतु भरून काढणे आणि वाढवणे या दोन क्रिया एक नव्हेत. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंग झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर मुक्त शैलीत ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन त्यांनी सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या कहाणीत देहाची मर्यादा नाकारलेली नाही. तिच्यासकट एक आयुष्य उभे केले आहे. क्षमतावर्धनाच्या अर्जात याच्या उलट घडते. तेथे धडधाकट देहच अपंग ठरवावा लागतो, कारण त्याशिवाय पैसा मागण्याला कारण उरत नाही. निरोगी तरुणाचे झोप येणे, दमणे, घाबरणे, थंडीने कुडकुडणे हे अर्जात ‘उणीव’ म्हणून लिहिले जाते. ‘उणीव’ हा शब्द एकदा बसला की पुढचे सारे उपचाराच्या सभ्य भाषेत बोलता येते.

भारतातला अनुभव या दोन टोकांच्या मधला आहे. संरक्षण संशोधन व विकास संघटना १९५८ साली स्थापन झाली आणि सैनिकी शरीरशास्त्राची तिची प्रयोगशाळा १९६२ साली दिल्लीत. ते वर्ष हिमालयातल्या युद्धाचे होते. मैदानी मुलखातले जवान अल्पावधीत उंचीवर नेले गेले आणि शत्रूच्या आधी विरळ हवेने त्यांना गाठले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ सैनिकांच्या निरीक्षणावरून पर्वतीय आजारावर लिहिलेला निबंध १९६९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर अभ्यासला गेला. तो यात्रेकरूंच्या आणि गिर्यारोहकांच्याही उपयोगाचा ठरला. येथे सैनिक अर्जातला नव्हता. आजारी पडलेला, मोजता येणारा, खरा होता. १९८४ साली स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा यांनी सॅल्यूत-७ या सोव्हिएत अंतराळस्थानकात योगासनांचे प्रयोग केले. वजनरहित अवस्थेत देह टिकवायला योग उपयोगी पडतो का, हा प्रश्न त्यामागे होता. त्याच वर्षी सियाचीनवर सैन्य चढले आणि विरळ हवेचा प्रश्न कायमचा झाला.

२०१८ साली संरक्षण मंत्रालयाने ‘आयडेक्स’ ही योजना सुरू केली. तिच्या मूळ स्वरूपात नव्या उद्योगांना एखाद्या घोषित आव्हानावर काम करण्यासाठी दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद होती. तेव्हापासून आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही अशा अर्जांची भाषा शिकली आणि शिकवली जाऊ लागली आहे. म्हणून हा विषय आता अमेरिकेचा राहिलेला नाही. पुणे-नागपूरच्या विद्यार्थ्याने लिहिलेल्या प्रस्तावातला सैनिक कोठून येणार, हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकालाही विचारता यावा.

५.

या प्रश्नाचा विचार करायला वर्धा जिल्ह्यासारखी दुसरी भूमी नाही. आर्वी तालुक्यातले रोहणा हे गाव घ्या. पुलगाव ते आर्वी या जुन्या, कापूस वाहून नेण्यासाठी बांधलेल्या अरुंद रेल्वेमार्गावर ते येई. त्या मार्गाच्या दक्षिण टोकाला पुलगाव, जेथे देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक आहे. आणि त्याच जिल्ह्यात, काही कोसांवर, सेवाग्राम आणि पवनार. देहाविषयीच्या दोन परस्परविरोधी कल्पना एका जिल्ह्यात नांदत आल्या आहेत.

गांधींनी १९०९ साली लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये रेल्वेवर टीका करताना एक विलक्षण युक्तिवाद केला आहे. माणसाच्या हातापायांनी त्याच्या संचाराला जी मर्यादा घातली ती निसर्गाची योजना होती, आणि ती ओलांडण्याच्या युक्त्या काढण्यातच त्याचे दुःख आहे, असा त्याचा मथितार्थ. क्षमतावर्धनाच्या कल्पनेला इतका मुळावर घाव घालणारा विचार त्या काळात क्वचितच कोणी मांडला असेल. मात्र हेच गांधी यंत्रसुधारणेचे शत्रू नव्हते. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा हलका, नेण्याआणण्याजोगा हवा. झोपडीत हाताने वा पायाने चालणारा हवा. एका बाईला त्यावर आठ तास फारसे श्रम न होता काम करता यावे. तेवढ्या वेळात सुमारे १६,००० फूट सूत निघावे. आणि किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये. किर्लोस्करवाडीत तयार झालेला एक चरखा या आव्हानाला सामोरा गेला, पण अटी पुऱ्या झाल्या नाहीत आणि ते पारितोषिक कुणालाच मिळाले नाही.

या जाहिरातीला मी क्षमतावर्धनाचे आवाहनच म्हणेन. त्यातही माणसाच्या हाताची शक्ती अनेक पटींनी वाढवायची होती. पण दोन गोष्टी निराळ्या होत्या. पहिली: पारितोषिक वस्तू झाल्यावर मिळते, कंत्राट वस्तू होण्याआधी. पारितोषिकाला गोष्ट सांगून भागत नाही; चरखा आठ तास चालवून दाखवावा लागतो, गॅलिलिओला मनोऱ्यावर नळी दाखवावी लागली तसा. दुसरी: अटींमध्ये जिचा देह गृहीत धरला होता ती बाई उणी ठरवलेली नव्हती. तिच्या झोपडीचे माप, तिच्या दमण्याची मर्यादा, तिची ऐपत हीच यंत्राला घातलेली अट होती. यंत्राने तिच्यात बसायचे होते. हार्डिमनच्या वा रेडिक्सच्या सैनिकाच्या बाबतीत माणसाने यंत्रात बसायचे आहे. चरखा फसला तेव्हा अट मोडली नाही, बक्षीस थांबले. बाह्यसांगाडा फसला तेव्हा पुढे नवे आवाहन निघाले.

आणि या जिल्ह्यात लष्करी कंत्राटाचा खरा, कथेबाहेरचा देहही पाहायला मिळतो. ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या भांडारात लागलेल्या आगीत अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाची माणसे मृत्युमुखी पडली. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळच्या सोनेगाव (आबाजी) शिवारातल्या मैदानावर कालबाह्य दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि सहा जण ठार झाले. त्यांतले बहुतेक आसपासच्या गावांतून कंत्राटदाराने कामावर आणलेले रोजंदारी मजूर होते. खड्डे खणणे, पेट्या उतरवणे, उचलून नेणे हे त्यांचे काम. ओझे उचलण्याची मानवी क्षमता वाढवण्यासाठी जगात साठ वर्षे पैसा खर्च होत आहे. त्याच जगात निकामी दारूगोळ्याची पेटी साध्या, कसलीही भर न घातलेल्या हातांनीच उचलली जाते. त्या हातांसाठी कोणी प्रस्ताव मागवलेला नाही. कारण स्वस्तात मिळणाऱ्या देहात उणीव शोधण्याची गरज कोणालाच भासत नाही.

येथे या इतिहासाचा पेच स्पष्ट होतो. क्षमतावर्धनाचा अर्ज वरवर मानवी देहाविषयी असतो, पण प्रत्यक्षात तो कोणाच्या देहावर खर्च करणे योग्य आहे याविषयीचा निवाडा असतो. सैनिकाचा देह मौल्यवान ठरतो तोवर त्यात भर घालायची. ती भर त्याने मागितलेली असतेच असे नाही, आणि आज्ञा पाळण्याची शपथ घेतलेल्या माणसाच्या संमतीला कितपत संमती म्हणावे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. मजुराचा देह मौल्यवान ठरत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला ना भर येते ना कवच. अर्जात पहिल्याचे वर्णन असते. दुसऱ्याचा उल्लेख नसतो. समीक्षेत आपण अनुल्लेखालाही अर्थ असतो असे शिकवतो. तो नियम येथेही लागू आहे.

म्हणून आमचे साहित्याच्या शिक्षकांना सांगणे असे की, कल्पितसाहित्य शिकवताना एखाददुसरा प्रस्तावही वर्गात वाचावा. त्यातला कर्ता कोण, कर्म कोण, क्रियापदे कोणत्या काळातली, पात्राला भय वाटते की नाही, घरी त्याची वाट पाहणारे कोणी आहे की नाही, पेटी कोण उचलते, एवढेच प्रश्न विचारावेत. कथेचे परीक्षण करताना आपण हे प्रश्न सहज विचारतो. ज्या गोष्टीच्या बळावर कोट्यवधी रुपये दिले जातात, तिला या प्रश्नांतून सूट देण्याचे काही कारण दिसत नाही.